१९९९ ची मियाटा ट्रॅकवर: पाच वर्षांच्या फेरफारांचा हिशेब

माझ्या माझदा मियाटा गाडीचे इंजिन कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा १४० अश्वशक्तीचे होते. गेल्या पाच वर्षांत मी त्यात एकाही अश्वशक्तीची भर घातलेली नाही. उलट इतक्या वर्षांच्या वापराने त्यातली थोडी गळालीच असावी. तरीही कॅलिफोर्नियातल्या थंडरहिलच्या तीन मैलांच्या ट्रॅकवर पहिल्या दिवशी ज्या फेरीला मला २ मिनिटे २६ सेकंद लागले होते, ती फेरी आता २ मिनिटे १३ सेकंदांत होते. या तेरा सेकंदांपैकी निम्मे तरी माझ्या शिकण्याचे आहेत, गाडीचे नव्हेत. उरलेले सेकंद कोणत्या सामानाने दिले, कोणते सामान नुसते पैसे खाऊन बसले आणि कोणत्या सामानाने एकही सेकंद न देता गाडी संध्याकाळी घरापर्यंत परत आणली, याचा हिशेब या परीक्षणात मांडत आहे.

माझदा म्हटले की माझ्या पिढीच्या मराठी माणसाला स्वराज माझदाची शाळेची बस आठवते, त्यामुळे गाडीची थोडी ओळख करून देणे भाग आहे. भारतात ही गाडी अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. जगात बहुतेक ठिकाणी तिचे नाव एमएक्स-५ आहे आणि अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली आणि त्या वर्षी तिची इथली किंमत १३,८०० डॉलर होती. साठच्या दशकातल्या ब्रिटिश टपउघड्या गाड्यांची मजा द्यायची, पण त्यांची तेलगळती आणि त्यांचे विजेचे रुसवेफुगवे द्यायचे नाहीत, असा तो बेत होता. प्रकल्पप्रमुख तोशिहिको हिराई यांच्या चमूने त्यासाठी ‘जिनबा इत्ताई’ हा जपानी शब्दप्रयोग डोळ्यांसमोर ठेवला होता. घोडा आणि त्यावर बसलेला तिरंदाज यांनी एकजीव व्हावे, असा त्याचा आशय. जाहिरातीच्या भाषेवर माझा सहसा विश्वास बसत नाही. हा शब्द मात्र वळणात स्टिअरिंग हातात धरले की पटतो.

माझी गाडी दुसऱ्या पिढीची, म्हणजे उघडझाप करणारे दिवे जाऊन साधे दिवे आलेली आहे. इंजिन १.८ लिटरचे, गिअर पाच, ताकद मागच्या चाकांना आणि वजन सुमारे १०४० किलो. चारही चाकांना दुहेरी विशबोनचे सस्पेन्शन आहे. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी अॅल्युमिनियमची एक लांब चौकट पोटाखालून जाते. क्लच बदलताना ती चौकट मेकॅनिकच्या शिव्या खाते, पण पेट्रोलचे पेडल दाबताच गाडी जी क्षणाचाही विलंब न लावता पुढे सरकते, त्याचे बरेचसे श्रेय तिचेच आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांवर वजन जवळजवळ समसमान पडते. शिवाय २०१६ पर्यंत या मालिकेच्या दहा लाख गाड्या तयार झाल्या आणि इथे स्पेक मियाटा नावाच्या शर्यतींच्या वर्गात तिच्या जुन्या गाड्या अजून झुंडीने धावतात. परिणामी असा एकही नट नाही की जो कोठे मिळत नाही, आणि असा एकही बिघाड नाही की जो आधी कोणीतरी सोसून त्यावर उपाय शोधलेला नाही. नवशिक्याला याहून मोठा आधार नसतो.

मी ही गाडी २०२० च्या हिवाळ्यात सॅन होजेजवळच्या एका निवृत्त गृहस्थांकडून ६,२०० डॉलरला घेतली. ती तेव्हा १ लाख १८ हजार मैल चालली होती. छत दोन ठिकाणी शिवलेले होते, पण चासीला गंज नव्हता. गंज नसलेली गाडी घ्या, रंग उडालेला असला तरी चालेल, हा या खरेदीपुरता माझा एकमेव सल्ला आहे.

पहिल्याच ट्रॅक डेला, म्हणजे फी भरून आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, मी गाडी जशी होती तशी घेऊन गेलो आणि तेथेच कळले की रस्त्यावरचा ब्रेक आणि ट्रॅकवरचा ब्रेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी, मी आणि निम्मी टाकी पेट्रोल धरून वजन सुमारे ११५० किलो होते. ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर यायचे असेल तर जी ऊर्जा कोठेतरी टाकावी लागते, तिच्यात अडीच लिटर गार पाण्याला उकळी फुटते. त्यातला थोडा भाग वारा आणि इंजिन घेते, बाकीचा सगळा ब्रेकच्या तबकड्यांत जातो, आणि हे एकदा नव्हे, तर प्रत्येक फेरीत चार-पाच ठिकाणी, वीस मिनिटे सलग. अठराशे किलोच्या सेडानला याच कामासाठी चार लिटर पाणी उकळावे लागले असते. हलक्या गाडीचा खरा फायदा हा आहे. वेग किती मिळतो यापेक्षा, मिळालेला वेग किती स्वस्तात टाकून देता येतो, हे ट्रॅकवर जास्त महत्त्वाचे ठरते.

स्वस्तात म्हणजे फुकटात नव्हे. सहाव्या फेरीत, मागच्या लांब सरळ रस्त्याच्या टोकाला, चौदाव्या वळणाच्या अलीकडे मी ब्रेक दाबला आणि पेडल ओल्या चिखलात पाय रुतावा तसे तळापर्यंत गेले. दुसऱ्यांदा दाबले तेव्हा अर्धा ब्रेक लागला, तिसऱ्यांदा आणखी थोडा लागला आणि गाडी वळण सोडून सरळ मातीत जाऊन थांबली. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाने काही न बोलता पॅडॉककडे, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या जागेकडे, बोट दाखवले. चाकांतून करपलेल्या राळेसारखा वास येत होता. पॅड तर जळालेच होते, पण खरा दोष ब्रेक ऑइलचा होता. जुने ऑइल हवेतली ओल शोषून घेते, मग त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि कॅलिपरपाशी, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्यापाशी, त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, पण पुढे दाब देत नाही. साध्या डॉट ४ ऑइलचा कोरडा उत्कलनबिंदू नियमानुसार किमान २३० अंश सेल्सिअस आणि ओल धरल्यानंतरचा किमान १५५ अंश असावा लागतो. मोटुल आरबीएफ ६०० या ऑइलचा कोरडा आकडा ३१२ आहे आणि ओल धरल्यानंतरचाही दोनशेच्या वर आहे. अर्ध्या लिटरच्या बाटलीला पंचवीस डॉलरच्या आसपास पडतात आणि या संपूर्ण परीक्षणात इतक्या कमी पैशांत इतका मोठा फरक पाडणारी दुसरी वस्तू नाही.

ते ऑइल बदलायला माझ्या मदतीला बाबा होते. ते त्या वेळी सहा महिन्यांसाठी इथे आले होते आणि त्यांची सारी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत गेलेली आहे. मी चाकापाशी नळी आणि बाटली घेऊन बसलो आणि ते ड्रायव्हरच्या सीटवर. “दाबा… धरून ठेवा… सोडा,” असे तासभर चालले होते. मध्येच ते म्हणाले, “आमच्या गाड्यांत ब्रेक लागायला हवा भरायची, आणि तुझ्या गाडीत ब्रेक लागायला हवा काढायची. गंमत आहे.” बुडबुडे यायचे थांबले तरी त्यांनी आणखी दहा वेळा पेडल मारायला लावले आणि अकराव्या वेळी मागच्या डाव्या चाकातून खरोखरच एक टपोरा बुडबुडा निघाला. तेव्हापासून बुडबुडे थांबल्यावर आणखी वीस वेळा पेडल मारायचे, हा आमच्या गॅरेजचा नियम आहे.

पॅडच्या बाबतीत हॉक, कार्बोटेक आणि जी-लॉक या तिन्ही कंपन्यांचे ट्रॅकसाठीचे पॅड या गाडीच्या मापात सहज मिळतात. मी दोन वेगवेगळे वापरले. दोहोंनी आपले काम चोख केले. मात्र ट्रॅकसाठीचा कोणताही पॅड रोजच्या रस्त्यावर वापरू नये. तो थंड असताना कमी पकडतो, सिग्नलपाशी थांबताना जुन्या मालगाडीसारखा किंचाळतो आणि त्याची काळी भुकटी चाकांवर बसून पावसात गंजते. ट्रॅकच्या आदल्या संध्याकाळी पॅड बदलणे आणि परतल्यावर पुन्हा जुने बसवणे, हे पुढच्या दोन चाकांना मिळून चाळीस मिनिटांचे काम आहे. मोठ्या कॅलिपरचा महागडा संच घेण्याचा मोह मलाही झाला होता. तो मी टाळला याचे समाधान आहे, कारण एवढ्या वजनाला मूळचे कॅलिपर चांगल्या पॅडसह पुरून उरतात.

ब्रेकनंतर लगेच रोलबार, म्हणजे सीटमागची लोखंडी नळीची कमान, घ्यावा, आणि खरे म्हणजे ब्रेकच्याही आधी. छत नसलेली गाडी उलटली तर डोके आणि जमीन यांच्यामध्ये केवळ काचेची चौकट असते. म्हणूनच इथले बहुतेक आयोजक रोलबारशिवाय टपउघडी गाडी ट्रॅकवर सोडत नाहीत. त्यांची तपासणी अगदी साधी असते: रोलबारच्या माथ्यापासून काचेच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत झाडूचा दांडा ठेवतात आणि हेल्मेट घातलेले डोके त्या दांड्याच्या खाली राहते का, ते पाहतात. हार्ड डॉगचा रोलबार मी स्वतः बसवला. जाड भिंतीची नळी, सुबक वेल्डिंग आणि जमिनीच्या पत्र्याखाली येणाऱ्या जाड पट्ट्या पाहून पैसे वसूल झाल्यासारखे वाटले. बसवायला पूर्ण शनिवार-रविवार गेला, कारण छताच्या मागचा गालिचा, सीटबेल्टची खोकी आणि प्लास्टिकचे सारे आवरण काढावे लागते. या कामात एक गोष्ट विसरू नये. रोलबारला कडक फोमचे वेष्टन घातलेच पाहिजे. रस्त्यावर हेल्मेट नसते आणि मागून कोणी साधी धडक दिली तरी उघड्या लोखंडी नळीवर डोके आपटते.

दांड्याच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापासच झालो. माझी उंची पाच फूट अकरा इंच आहे आणि ही गाडी माझ्याहून बुटक्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केलेली असावी. नवी बकेट सीट घेण्याआधी मी जुन्या मियाटावाल्यांचा उपाय करून पाहिला. सीटचे कव्हर उलगडून आतल्या फोमचा एक थर ब्रेड कापायच्या दातेरी सुरीने तासून काढला. सव्वा इंच मिळाला आणि त्यावर परीक्षा पास झालो. सुरी मात्र नवी आणावी लागली आणि ती कोणत्या कामाला वापरली होती, याची चौकशी घरात बराच काळ चालली.

टायर हा एकमेव भाग आहे की ज्याने घड्याळावर लगेच आणि निर्विवाद फरक दाखवला. गाडीसोबत आलेले टायर १८५ मिलिमीटर रुंदीचे, चौदा इंची चाकांचे होते. आता १५ इंची, ८ इंच रुंद हलकी चाके आहेत आणि त्यांवर २०५/५० मापाचे हँकूक आर-एस४ आहेत. ट्रेडवेअर (टायर किती टिकतो याचा आकडा; कमी म्हणजे जास्त चिकट) २०० या वर्गातला हा सर्वांत वेगवान टायर नाही. त्याच वर्गातले काही टायर त्याच्यापेक्षा फेरीला एक-दीड सेकंद सहज काढतात. पण ते चार-पाच फेऱ्यांत तापून तेलकट होतात, तर हा विसाव्या मिनिटालाही पहिल्याच सुरात बोलतो. सूर हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण या टायरची पकड संपायच्या आधी तो बारीक गुणगुणतो, मग आवाज चढवतो आणि त्यानंतरच सुटतो. शिकणाऱ्याला हा इशारा एका सेकंदापेक्षा मोलाचा आहे. हलक्या गाडीमुळे एक संच मला दहा-अकरा ट्रॅक डे पुरतो. माझ्या एका मित्राकडे पाचशे अश्वशक्तीची जर्मन गाडी आहे आणि त्याचा संच तीन दिवसांत संपतो. आमच्या फेऱ्यांमध्ये अकरा सेकंदांचे अंतर आहे, आणि टायरच्या बिलांमध्ये किती आहे, हे तो विचारू देत नाही.

आता ज्या विषयाला सगळ्यांत कमी ग्लॅमर आहे आणि ज्याने मला सगळ्यांत जास्त छळले, त्या गरमीकडे वळतो. थंडरहिल हे विलोज गावाजवळ, सॅक्रामेंटो खोऱ्यात आहे. उन्हाळ्यात तेथे पारा ४० च्या वर जाणे नित्याचे आहे. चंद्रपूर-अकोल्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको. दुसऱ्या वर्षीच्या जुलैमध्ये मी दिवसभर गाडी हाकली आणि डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा बरोबर मध्यावर होता. पुढे कळले की हा काटा मुळात तसाच ठेवलेला आहे. पाण्याचे तापमान बऱ्याच मोठ्या टप्प्यात वरखाली झाले तरी तो जागचा हलत नाही आणि जेव्हा हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ऑइलच्या दाबाचा काटा त्याहून लबाड आहे. १९९५ पासूनच्या गाड्यांत तो मापक नसून केवळ चालू-बंद दाखवणारे बटण आहे. दाब थोडाही असला तरी तो ‘सर्व ठीक’ म्हणून मध्यावर उभा राहतो. मी खरे दोन गेज बसवले आणि पुढच्याच खेपेला पाणी ११० अंशांवर पोचलेले पाहिले. पाच वर्षांतला सर्वांत उपयुक्त खर्च कोणता, असे विचारले तर ब्रेक ऑइलनंतर मी या दोन काट्यांचे नाव घेईन.

गरमीचे कारण इंजिनच्या जन्मकथेत आहे. हे इंजिन मुळात माझदाच्या पुढच्या चाकांनी चालणाऱ्या छोट्या गाड्यांत आडवे बसत असे. तेथे पाणी एका टोकाने आत येई आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडे, त्यामुळे चारही सिलिंडरांना सारखा गारवा मिळत असे. मियाटात तेच इंजिन उभे बसवताना मागचे टोक केबिनच्या भिंतीला भिडू लागले, म्हणून पाण्याचा बाहेरचा रस्ता पुढेच काढला गेला. आता पाणी पुढून येते आणि त्यातले बरेचसे जवळच्या वाटेने पुढूनच निघून जाते. सर्वांत मागचा चौथा सिलिंडर मात्र नळाच्या शेवटच्या घरासारखा तहानलेला राहतो. पाण्याचा मार्ग पुन्हा मागून काढणारा जोडसंच अनेक छोटे उत्पादक विकतात. त्याने माझा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला, पण हेडच्या मागे हात घालायला जेमतेम तीन बोटांची जागा आहे आणि ते काम संपेपर्यंत माझ्या दोन्ही हातांची सालपटे निघाली होती.

गंमत अशी की त्याच्या निम्म्याइतका फायदा चाळीस डॉलरच्या एका प्लास्टिकच्या तुकड्याने दिला. इंजिनच्या पोटाखाली जी पातळ तबकडी असते, ती माझ्या गाडीतून आधीच्या मालकाच्या काळात कोणत्यातरी ऑइल बदलणाऱ्या दुकानात गायब झाली होती. ती नसली की तोंडातून आलेली हवा रेडिएटरमधून न जाता खालून पळून जाते. जुन्या गाडीवर कोणी पाच-सहाशे डॉलरचा मोठा रेडिएटर चढवायला निघाला असेल, तर त्याने आधी खाली वाकून ही तबकडी जागेवर आहे का ते पाहावे आणि रेडिएटरच्या कडेच्या फटी स्पंजच्या पट्ट्यांनी बुजवाव्यात.

सस्पेन्शनमध्ये मी चूक केली आणि ती महाग पडली. दिसायला झगमगीत आणि किमतीला निम्मे असे कॉइलओव्हर (शॉकअप आणि त्याभोवतीची स्प्रिंग यांचा जोड) एका ऑनलाइन दुकानातून मागवले. वरच्या बाजूला तीस पायऱ्यांचे फिरकीचे बटण होते, पण पहिल्या आणि तिसाव्या पायरीत मला काही फरक जाणवला नाही. पाचव्या महिन्यात मागच्या उजव्या शॉकअपमधून तेल गळू लागले आणि दुकानाने पत्रांना उत्तर देणे बंद केले. या गाडीत सस्पेन्शनला वरखाली व्हायला जागाच थोडी आहे. गाडी जास्त खाली बसवली की शॉकअप सतत रबरी ठोकळ्यावर आपटतो आणि नेमक्या त्या क्षणी चाकाची पकड सुटते. गाडी जितकी खाली तितकी वेगवान, हा समज येथे सपशेल खोटा ठरतो. दीड वर्ष पैसे साठवून मी सुपरमियाटा कंपनीचे झिडा कॉइलओव्हर घेतले, पुढे ७०० आणि मागे ४०० पौंड प्रति इंच कडकपणाच्या स्प्रिंगांसह. एवढ्या कडक स्प्रिंगांवर गाडी रस्त्यावर दगडासारखी होईल अशी भीती होती, पण चांगल्या शॉकअपमुळे ती जुन्या स्वस्त संचापेक्षा मऊ वाटते. थंडरहिलच्या पाचव्या वळणावर टेकडीचा माथा ओलांडताना पूर्वी गाडी हलकी होऊन तरंगत असे. आता ती माथ्यावरून उतरते आणि लगेच बसते. शॉकअपच्या बाबतीत कंजुषी केली तर ते पैसे दोनदा द्यावे लागतात, हे मी दोनदा देऊन शिकलो.

त्यानंतरचे अलाइनमेंट योग्य माणसाकडून करून घ्यावे. पहिल्या ठिकाणी यंत्राने सगळे आकडे हिरवे दाखवले आणि कारागिराने तो कागद अभिमानाने माझ्या हातात दिला. ते आकडे कारखान्याने रस्त्यासाठी ठरवलेले होते आणि ट्रॅकवर टायरची बाहेरची कड एका दिवसात गोल झाली. आता चाके वरून आत झुकलेली आहेत, पुढे उणे २.७ अंश आणि मागे उणे २.३ अंश, आणि टायर संपूर्ण रुंदीवर सारखा झिजतो. वळणात गाडीचे कलणे रोखणाऱ्या कडक पोकळ अँटीरोल बारबद्दल इतकेच सांगतो की रेसिंग बीटचा पुढचा बार उत्तम आहे, पण तो घ्यायची घाई नाही.

शक्ती वाढवण्याचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण सगळे जण सुरुवात तेथूनच करतात. उघड्या फिल्टरचा इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारी नळी, मी एका मित्राकडून उसना आणून महिनाभर लावला. आवाज छान येतो, घड्याळावर काही दिसत नाही आणि उन्हाळ्यात बोनेटखालची तापलेली हवाच तो आत ओढतो. मोठा सायलेन्सर लावायचा तर कॅलिफोर्नियातलाच लगुना सेका हा ट्रॅक आठवावा. कॉर्कस्क्रूच्या त्या प्रसिद्ध उतारावर, जेथे रस्ता १८ मीटर खाली कोसळतो, तेथे जायची कोणाला हौस नसते? पण तेथे बहुतेक ट्रॅक डेला आवाजाची मर्यादा ९० डेसिबलच्या आसपास असते आणि ती ओलांडणाऱ्याला काळा झेंडा दाखवून बाहेर काढतात. टर्बोचे संच मिळतात, दोनशेच्या पुढे अश्वशक्ती सहज जाते, आणि त्यासोबत वर सांगितलेल्या गरमीचे सगळे दुखणे दुप्पट होऊन परत येते. पाच गिअरांचा गिअरबॉक्सही तो जोर फार काळ सोसत नाही. त्याखेरीज कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी धुराची जी तपासणी होते, ती आपल्याकडच्या पीयूसीची थोरली आणि अत्यंत कडक बहीण आहे. इनटेकपासून टर्बोपर्यंत धुराशी संबंधित प्रत्येक बदललेल्या भागावर राज्याच्या मंजुरीचा क्रमांक असावा लागतो. तो नसेल तर गाडी नापास होते.

जे कोणी आधी सांगत नाही ते खर्चही लिहून ठेवतो. चिकट टायरांमुळे पुढच्या चाकांचे हब (चाक ज्यावर बसून फिरते तो भाग) झिजतात आणि त्यातले बेअरिंग वेगळे मिळत नसल्याने अख्खा हब बदलावा लागतो. माझा सरासरी दीड वर्षाला एक जातो. टाकीत एक तृतीयांशापेक्षा कमी पेट्रोल राहिले तर लांब वळणात इंजिन आचके देते, त्यामुळे दुपारच्या जेवणाआधी टाकी भरावीच लागते. नेहमीचा विमा ट्रॅकवरचे नुकसान देत नाही. त्या दिवसापुरता वेगळा विमा मिळतो, पण एवढ्या स्वस्त गाडीला तो परवडत नाही, म्हणून मी गाडी गमावण्याची मनाची तयारी ठेवूनच निघतो. ६,२०० डॉलरच्या गाडीवर आजवर सामानाचे ९,४०० डॉलर झाले आहेत. त्यातले २,००० तरी माझ्या चुकांचे आहेत आणि त्यात पेट्रोल व ट्रॅकची फी धरलेली नाही.

एवढ्या पैशांत थोडी भर घालून चौथ्या पिढीची, २०१६ नंतरची मियाटा जुनी मिळू शकते. ती अधिक वेगवान आहे आणि वजनाला जवळजवळ याच गाडीइतकी आहे, हे माझदाच्या अभियंत्यांचे मोठेच कौतुक आहे. ज्याला हात काळे करायची हौस नाही, त्याने सरळ ती घ्यावी, चांगले ब्रेक ऑइल आणि पॅड घालावेत, रोलबार बसवावा आणि ट्रॅकवर जावे. ज्याला गाडीखाली झोपून वर पाहत राहणे आवडते, त्याच्यासाठी दुसऱ्या पिढीची गाडी योग्य. या गाडीत प्रत्येक बोल्टपर्यंत पाना पोचतो, तो चौथ्या सिलिंडरमागचा अपवाद सोडून.

पुढचा ट्रॅक डे नोव्हेंबरमध्ये आहे. त्याआधी डाव्या पुढच्या चाकाचा हब बदलायचा आहे; चाक हलवून पाहिले तर त्यात किंचित खेळ जाणवतो आहे. ब्रेक ऑइलही बदलायचे आहे, पण बाबा सांगलीला आहेत आणि मुलीचा पाय अजून पेडलपर्यंत पोचत नाही, म्हणून दाबायला, धरून ठेवायला आणि सोडायला कोणीतरी माणूस शोधतो आहे.